मंत्रीसाहेब, फिर्याद तर झाली, आता वकील कुठनं आणू?

मा. सामाजिक न्याय मंत्री, महाराष्ट्र राज्य यांना,
सप्रेम जय भीम.

साहेब, पुतण्याची वरात मंदिरासमोर अडवली, थोरल्या भावाला मारलं, जातीवरून नको नको ते बोलले. ॲट्रॉसिटीची फिर्याद लिहून घ्यायला पहाटेचे चार वाजवले, ते एक सोडा, घेतली तरी. आमचा खरा वनवास त्यानंतर चालू झाला, वकील शोधायचा.

तालुक्याच्या कोर्टात पहिल्यांदा ज्यांच्याकडे गेलो त्यांनी चहा पाजला, सगळं ऐकून घेतलं आणि आरोपींची नावं वाचल्यावर म्हणाले, अरे यांच्या बांधाच्या केसेस माझ्या वडिलांपासून आमच्याकडंच आहेत की. दुसरे म्हणाले मिटवून घ्या, गावातच राहायचंय ना तुम्हाला. एकांनी 40 हजार सांगितले, निम्मे आधी. भाऊ सेंट्रिंगच्या कामावर जातो हो, कुठनं आणणार? वकिलांवर राग नाही माझा, छोट्या गावात सगळेच एकमेकांचे पाहुणे नाहीतर पक्षकार, मोठं घर तोडून आमची एक केस कोण अंगावर घेईल.

सगळे म्हणतात सरकारी वकील असतो की. असतो, पण त्याच्याकडं फायलींचा ढीग आणि आमची त्याची गाठ पडणार थेट साक्षीच्या दिवशी. तोवर जामीन होऊन जातो. जामिनाच्या सुनावणीआधी फिर्यादीला कळवायचं असं ॲट्रॉसिटी कायद्याच्या कलम 15अ मध्ये लिहिलंय, आम्हाला कळलं ते आरोपी परत पारावर येऊन बसल्यावर.

मोफत वकिलासाठी अर्ज करायला गेलो तर टेबलावरचा माणूस म्हणतो उत्पन्नाचा दाखला आणा. 1987 च्या विधी सेवा कायद्याच्या कलम 12 मध्ये एससी-एसटीला उत्पन्नाची अटच नाही, मोबाईलवर काढून दाखवलं तर म्हणे साहेब आले की बघू. साहेब दोन खेपांत काही आले नाहीत.

आता मुख्य मुद्दा. ॲट्रॉसिटीच्या 1995 च्या नियमांत नियम 4 आहे. किमान 7 वर्षं प्रॅक्टिस झालेल्या वकिलांचं पॅनल प्रत्येक जिल्ह्यात करायचं, आणि वर पीडिताने मागितलं तर कलेक्टर किंवा प्रांत नामांकित वरिष्ठ वकील लावू शकतात, फी त्यांनी द्यायची. हे मला कुणी सांगितलं? ना ठाण्यात, ना समाजकल्याणमध्ये, रात्री दोनला नियम वाचत बसलो तेव्हा सापडलं. पॅनलची यादी मागायला गेलो तर कलेक्टर ऑफिसने समाजकल्याणकडं पाठवलं आणि समाजकल्याणने परत कलेक्टर ऑफिसला, दोन्हीकडचं एसटीचं भाडं आमचं.

म्हणून मागणी एकच आहे, फार मोठी नाही. फिर्यादीची नक्कल हातात देतानाच फिर्याद देणाऱ्याला वकिलांची ही यादी द्या, फोन नंबरसकट, आणि नियम 4 चा अर्ज छापील असू द्या, फक्त नाव आणि सही करायची. फी नियमात 'योग्य वाटेल ती' अशी मोघम आहे, ती किती आणि कधी मिळणार हे वकिलाला आधी लेखी कळू द्या म्हणजे जिल्ह्यातले चांगले वकील यायला कचरणार नाहीत. आणि ॲट्रॉसिटीच्या केसेसवर देखरेख ठेवणाऱ्या, मुख्यमंत्र्यांच्या अध्यक्षतेखालच्या समितीची बैठक जानेवारी-जुलैला घ्यायची असं याच नियमांत आहे ना, तिथं एवढंच विचारा, सहा महिन्यांत किती फिर्यादींनी वकील मागितला आणि किती जणांना मिळाला.

आमचा नियम 4 चा अर्ज कलेक्टर ऑफिसात पडून आहे, आवक शिक्क्याची पोच माझ्याकडं आहे. कोर्टाची तारीख तीन आठवड्यांवर आलीय. वहिनी रोज संध्याकाळी विचारते, मिळाला का ओ वकील?

आपला,
एका फिर्यादीचा धाकटा भाऊ