बाबा, नोकरीचं विचारलंत ते

एडिंबरा
९ फेब्रुवारी २०२५

तीर्थरूप बाबा आणि आई यांस,
शि. सा. न. वि. वि.

परवा फोनवर बाबांनी विचारलं, "पेपर उघडावा तर एआय, टीव्ही लावावा तर एआय, मग तुलाच नोकरी का लागत नाही?" तेव्हा मी रेंज गेल्याचं सोंग केलं. रेंज चांगली होती, उत्तर लांबलचक होतं. म्हणून हे पत्र.

बाबा, तुम्ही वाचता त्या नोकऱ्या कंपन्यांतल्या. मला हवी आहे मास्तरकी, म्हणजे तुमचीच लाइन. शिकवायचं आणि उरलेल्या वेळात आपल्याला पडलेल्या प्रश्नाच्या मागे लागायचं. अशा जागा मोजक्याच निघतात. पहिल्या पायरीला इथे लेक्चरर म्हणतात, आपल्याकडचा असिस्टंट प्रोफेसर. माझी आत्ताची पोस्टडॉकची, म्हणजे पीएचडीनंतरच्या संशोधनाची, नोकरी मुदतीची आहे. ऑगस्टअखेर ती संपते, आणि व्हिसा तिलाच बांधलेला आहे. आई, हे तुला सांगितलं नव्हतं. रागावू नकोस.

एकेका अर्जाला सीव्ही, पुढच्या काही वर्षांच्या संशोधनाचा आराखडा, कसं शिकवणार याचं टिपण आणि वर तीन शिफारसपत्रं लागतात. पत्रं देणारी माणसं थोर आणि कामात बुडालेली. त्यांना आठवण करणं म्हणजे काकांकडे उसने दिलेले पैसे मागण्यासारखं. लाजही वाटते आणि मागितल्याशिवाय मिळतही नाही.

त्यात शोधनिबंध छापून यायला हवेत. आमच्यात न्यूरिप्स नावाची मोठी परिषद असते. गेल्या वर्षी तिथे १५ हजारांहून जास्त निबंध आले, घेतले साधारण चौथा हिस्सा. याच परिषदेने २०१४ साली १६६ निबंध गुपचूप दोन वेगवेगळ्या समित्यांकडे दिले होते, तर ४३ निबंधांचे निकाल एकमेकांच्या उलट आले! तुम्ही बोर्डाचे पेपर तपासलेत, तुम्हाला नवल वाटणार नाही. माझा निबंध दोनदा परत आला तेव्हा मी हा आकडा मंत्रासारखा म्हणत होते.

मुलाखत मात्र माझ्यामुळेच गेली. जानेवारीत एका विद्यापीठाने बोलावलं, बोलायला २० मिनिटं. मी आजीचं रेकॉर्डिंग ऐकवलं, "आरं, च्या घेतलास का न्हाई" वालं, आणि बोलणं ऐकून लिहून काढणाऱ्या यंत्राने त्याचं काय भजं केलं ते दाखवलं. सगळे हसले, मी रंगात आले, आणि मुख्य काम सांगायच्या आधीच घंटा वाजली. मग एका बाईंनी शांतपणे विचारलं, "मराठी ८ कोटींहून जास्त लोकांची मातृभाषा, तिच्याकडे साधनं कमी असं कसं म्हणता?" मी चाचरले. उत्तर परतीच्या गाडीत सुचलं: बोलणारे उदंड आहेत, पण आवाज आणि त्याखाली शब्दन् शब्द उतरवलेला मजकूर असा साठा थोडा, आणि तोही बहुतेक प्रमाणभाषेतला. कराडची आजी त्यात कुठे सापडायची?

नकार आला त्या रविवारी इथल्या संग्रहालयात गेले. तिथे फ्रेडी नावाचा जुना रोबो आहे, याच गावात डोनाल्ड मिची या एआयच्या जुन्या संशोधकाच्या मंडळींनी केलेला. बाबा, हे मिची तुम्हाला आवडतील. १९६१ च्या सुमारास, हाताशी संगणक नव्हता म्हणून त्यांनी ३०४ काडेपेट्या घेतल्या, त्यात रंगीत मणी भरले आणि त्यांना फुल्ली-गोळा शिकवला. डाव जिंकला की त्या चालीचे मणी वाढवायचे, हरला की काढून घ्यायचे. पेट्या हळूहळू खेळायला शिकल्या. तुमच्या सातवीच्या वर्गात हे करता येईल. पुढे १९७३ साली लाइटहिल या गणितज्ञांचा एआयवर कडक अहवाल आला आणि ब्रिटनमध्ये या विषयाचा पैसाच आटला. एआयमधले मोठे संशोधक जेफ्री हिंटन यांनी पीएचडी इथेच केली, पण ब्रिटनमध्ये काही जमेना म्हणून ते अमेरिकेला गेले. गेल्या वर्षी त्यांना भौतिकशास्त्राचं नोबेल मिळालं. आई, याचा अर्थ मलाही मिळेल असा नाही. शेजारी सांगत सुटू नकोस.

पवईच्या आयआयटीतही अर्ज टाकलाय. तिथे पक्क्या ग्रेडला पीएचडीनंतर ३ वर्षांचा अनुभव लागतो, माझी दोनच झालीत, म्हणजे घेतलं तर आधी करारावर. एका कंपनीचाही फोन आला, पगार आत्ताच्या तिप्पट. बाबा "घे" म्हणतील हे माहीत आहे. मी त्यांच्याकडून जूनपर्यंत मुदत मागून घेतली आहे. तोवर विद्यापीठातलं काही जमलं तर ठीक, नाहीतर कंपनी. तिथे आजीच्या बोलीवर काम करू देतील का, हे विचारलं, तर "बघू" म्हणाले. त्या "बघू"चा अर्थ आपल्याला ठाऊक आहे.

एक काम करा. आजीचं अजून अर्धा तास रेकॉर्डिंग हवंय. पिंट्याला सांगा, फोन तिच्या जवळ ठेव आणि पंखा बंद कर. "बोल, बोल" म्हणून मागे लागू नको, ती मग भाषणासारखं बोलते. शेंगा फोडायला बसली की आपोआप सुरू होईल.

मेतकूट संपलं. कुणी येणार असेल तर पाठवा.

आजीला नमस्कार, पिंट्यास आशीर्वाद.

तुमची,
मनू