उभ्यानं समजत नसतं, बस आधी

काका,

परवा पुरवणी परीक्षेचा निकाल लागला. फिजिक्सच्या लेखीला 70 पैकी 48. फोनवर सांगितलं तर तुम्ही "बरं झालं पोरी" एवढंच म्हणालात आणि लगेच आईच्या गुडघ्याची चौकशी करायला लागलात. म्हणून लिहायला बसले. नापास चारचौघांत झाले होते, तर आभारही चारचौघांतच मानते. तुमचा नातू वाचून दाखवेल.

बारावीच्या फिजिक्सचा पहिलाच धडा वर्तुळाकार गतीचा, आणि मी तिथंच रुतले होते. दहावीपर्यंत मराठीतून शिकलेली मी. अभिकेंद्री बल, म्हणजे केंद्राकडे ओढणारं बल, हा शब्द माहीत होता, त्वरणाचं, म्हणजे वेग किती भराभर बदलतो त्याचं, सूत्रही पाठ होतं: वेगाचा वर्ग भागिले त्रिज्या. पण वळणावर गाडीचा काटा चाळिसावरून हलत नाही, मग त्वरण आलं कुठून, हे काही केल्या डोक्यात शिरत नव्हतं. ज्या क्लासनं वर्षाची फी एकरकमी घेतली, तिथं शंका विचारायची म्हणजे तास संपल्यावर दाराशी रांग लावायची. सरांनी बॅग खांद्याला अडकवलेली, मागची मुलं घड्याळ बघतायत. तिसऱ्यांदा तोच प्रश्न घेऊन गेले तेव्हा सर म्हणाले, "किमती घाल, उत्तर काढ, पुढं जा. नाहीतर आर्ट्सला जा." मी पुढं गेले आणि नापास झाले. आर्ट्सला जाण्यात काही कमीपणा नाही, माझी बहीणच मराठी घेऊन शिकते. पण ज्या आवाजात ते बोलले, तो आवाज अजून कानातून जात नाही.

मग साताऱ्यातली तुमची अभ्यासिका. मे महिना, भर दुपार, लाइट गेलेली. मी वही घेऊनच पाण्याच्या पिंपाकडे आले आणि तुम्ही विचारलंत, "काय गं, रडतीयास का?" मी सवयीनं उभ्याउभ्याच वही पुढं केली. तुम्ही ती घेतली नाहीत. भिंतीशी ठेवलेली दुसरी खुर्ची ओढलीत, खांद्यावरच्या टॉवेलनं तिच्यावरची धूळ पुसलीत, हातही पुसलेत आणि म्हणालात, "उभ्यानं समजत नसतं. बस आधी."

काका, खरं तर मला एवढंच सांगायचंय. दोन वर्षांत प्रश्न विचारताना मला कुणी बस म्हणालं नव्हतं. बसले, आणि छातीतली धडधड आपोआप खाली आली. मागं रांग नव्हती. स्वतःचीच आकृती मी पहिल्यांदा नीट बघितली.

गाडीवर मी दोन बाण काढले होते, एक आत, एक बाहेर, सारख्याच लांबीचे. जन्मभर एसटी चालवलेल्या तुम्ही त्यावर बोट ठेवलंत. "ह्यो आत वढतोय, त्यो भाईर वढतोय, दोघं बराबरीचं. मग गाडी वळंल कशी? सरळच जाईल की." मी गप्प. मग तुम्हीच म्हणालात, "भाईर कोण वढत नसतं. गाडीला सरळच जायाचं असतं. टायर रस्त्याला धरून ऱ्हातो म्हणून ती वळती." मी बाहेरचा बाण खोडला. तो फक्त आत बसलेल्या पॅसेंजरच्या हिशेबात येतो. काटा हलला नाही तरी दिशा क्षणोक्षणी बदलते, आणि फिजिक्समधल्या वेगात दिशाही धरतात, म्हणून दिशा बदलली की वेग बदलला. तेच ते त्वरण, केंद्राकडे. वर्षभराचा गुंता खोडरबराच्या दोन घासण्यांत सुटला.

मग तुम्ही खंबाटकीच्या बोगद्यानंतरच्या एस वळणाचं सांगत बसलात आणि मी गणितं मांडत गेले. वळणाची त्रिज्या 80 मीटर धरली. ताशी 36 किलोमीटरला त्वरण 1.25 मीटर प्रति सेकंद वर्ग, ताशी 72 ला थेट 5. वेग दुप्पट, मागणी चौपट. ओल्या रस्त्यावर पकडीचा गुणांक 0.4 धरला, तर रस्ता जेमतेम 3.9 देऊ शकतो. तुम्ही आकड्याकडे बराच वेळ बघत राहिलात. "म्हणून उस्ताद सांगायचा, ब्रेक वळणाच्या आधी." गाडीचं वस्तुमान या गणितातून उडून जातं, हलकी-जड सारखीच, म्हटल्यावर मात्र तुम्ही मला अडवलंत: मग उसाची भरलेली ट्रॉली वळणावर उलटती ती का? त्यावर आपला अख्खा तास गेला. घसरणं वेगळं, उलटणं वेगळं. माल जितका उंच, तितकी उलटायला सोपी. असा प्रश्न मला क्लासमध्ये एकदाही कुणी विचारला नव्हता.

त्या दिवसापासून कोण कुणाला बसायला सांगतं, हे मी बघत असते. आमच्या गावचा शिंपी माप घ्यायच्या आधी म्हाताऱ्या माणसाला स्टूल देतो. कोरेगावच्या एसटीत एक कंडक्टर आहेत, लेकुरवाळीला जागा मिळेपर्यंत डबल बेल देत नाहीत. अशी माणसं आहेत. मला ती आधी दिसत नव्हती.

एक राहिलंच. तुम्ही विचारलं होतंत, वळणावर रस्त्याची बाहेरची कड उंच असते, तिथं तिसाच्या आसपास स्टिअरिंग हाताला लागतच नाही, ते कसं? तेव्हा मला सांगता आलं नव्हतं. रस्ता तिरका, म्हणून त्याचा गाडीवरचा रेटाही तिरका. त्यातला काही भाग केंद्राकडे जातो, आणि एका ठरावीक वेगाला तेवढाच पुरतो. टायरला आडवी पकड धरावी लागत नाही. दहा फुटांना एक फूट चढ धरला, त्रिज्या तीच. 80 गुणिले 9.8 गुणिले 0.1, त्याचं वर्गमूळ 8.85 मीटर प्रति सेकंद.

ताशी 32 येतात, काका.

रविवारी वही घेऊन येते. खुर्ची काढून ठेवा.