अक्षराचा रंग सांगणारे मूल खोटे बोलत नाही

माननीय संपादक,
स. न. वि. वि.

मला ‘म’ हे अक्षर जांभ्या चिऱ्यासारखे दिसते, म्हणून मंगळवार, मासा आणि मावशी हे तिन्ही शब्द तांबूस. ‘स’ हळदीसारखा पिवळा असल्यामुळे वेळणेश्वरच्या किनाऱ्यावर निळे पाणी समोर असतानाही ‘समुद्र’ हा शब्द मनात पिवळाच उमटतो. आणि न्याय, ज्याला रूपच नाही, तो मला शहाळ्यातल्या मलईसारखा पांढुरका वाटतो. माझ्या मावशीलाही असेच दिसे, मात्र तिचा ‘म’ हिरवा होता, आणि त्यावरून आम्ही दोघी तासन्‌तास वाद घालत असू.

अक्षरे किंवा शब्द असे ठरावीक रंगात जाणवण्याला सिनेस्थेशिया म्हणतात. हा आजार नव्हे. हा गुण अनेकदा घराण्यात चालत येतो. जर्मनीतील गेऑर्ग झाक्स यांनी 1812 मध्ये स्वतःच्या अशाच अनुभवाची नोंद केली होती. मेंदूचे अभ्यासक व्ही. एस. रामचंद्रन आणि एडवर्ड हबर्ड यांनी 2001 मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत काळ्या 5 च्या गर्दीत काळेच 2 मांडून आकृती लपवली, तेव्हा ज्यांना आकडे रंगीत दिसतात त्यांना ती इतरांपेक्षा सहज सापडली. मेंदूत आकडे ओळखणारा भाग आणि रंग ओळखणारा भाग शेजारी शेजारी असून त्यांच्यात जास्तीचे दुवे असावेत, असे त्यांनी त्यावरून मांडले.

हे लिहिण्याचे कारण शाळा आहे. पहिलीत असताना तक्त्यावरचा लाल ‘क’ पाहून, “हा तर आमसुलासारखा काळा असतो, लाल का काढलाय?” असे मी विचारले आणि खोटे बोलते म्हणून मला वर्गाबाहेर उभे केले गेले. त्यानंतर कित्येक वर्षे घराबाहेर मी हा विषय काढला नाही.

आज आमच्या भागातील अंगणवाड्यांच्या भिंतींवर मुळाक्षरे हौसेने नाना रंगांत रंगवलेली असतात. ती हौस मला कळते; पण मनातला रंग एक आणि भिंतीवरचा दुसरा असला की अशा मुलाचा गोंधळ होतो, हे मी भोगले आहे. म्हणून निदान वाचनाचा एक तक्ता एकाच रंगात असावा, ही शिक्षकांना कळकळीची विनंती. एखाद्या मुलाने अक्षराचा रंग सांगितलाच, तर तो वहीत टिपून ठेवावा आणि दिवाळीच्या सुट्टीनंतर पुन्हा विचारावे. सिनेस्थेशिया असलेले मूल इतर मुलांपेक्षा जास्त अक्षरांना तेच रंग सांगेल; लहान वयात काही रंग बदलले, तरी ते खोटे बोलते असे समजू नये. त्याला आकडेही रंगीत दिसत असतील, तर त्या रंगांच्या आधाराने त्याला पाढे पाठ करू द्यावेत.

आपली नम्र,
एक वाचक, गुहागर (जि. रत्नागिरी)