कुदळीच्या आधी वही

ती. बाबा आणि सौ. आईस,
साष्टांग नमस्कार.

बाबा, गल्लीतल्या लोकांनी शोषखड्ड्याचं, म्हणजे मोरीचं सांडपाणी जमिनीत मुरवायच्या खड्ड्यांचं काम तुमच्या गळ्यात घातलं, हे आईकडून कळलं. "गुरुजी, तुम्ही पुढं व्हा, आम्ही मागं आहोत" म्हणणारे किती दिवस मागं राहतात ते तुम्हाला मी सांगायला नको. पण काम चांगलं आहे आणि माझा रोजचा धंदाच सांडपाण्याचा. म्हणून फोनवर तुटक बोलण्यापेक्षा एकदा नीट लिहून पाठवते. आई, तूही वाच, कारण निम्मं काम तुझ्याकडेच येणार आहे.

आधी एवढंच की सिमेंटच्या टाक्यांची ऑर्डर देऊ नका. आपल्याकडे सुरुवात टाक्या उतरवण्यापासून होते. ट्रॅक्टर येतो, नारळ फुटतो, फोटो निघतो, आणि जमीन पाणी पीत नाही हे भाद्रपदात कळतं. जलजीवन मिशनचा हिशोब माणशी रोज ५५ लिटरचा. पाच माणसांच्या घरात २७५ लिटर येतं, त्यातलं पाऊण मोरीतून बाहेर पडतं, म्हणजे रोजचं २०० लिटरच्या आसपास. चार फूट लांब, रुंद, खोल खड्ड्याच्या भिंती आणि तळ मिळून ८० चौरस फूट, म्हणजे साधारण साडेसात चौरस मीटर होतात. मुरमाड जमीन चौरस मीटरला रोज ३० लिटर किंवा जास्त सांडपाणी पचवते, चिकण काळी जेमतेम १० लिटर. एकीकडे सव्वादोनशे लिटर, दुसरीकडे पंच्याहत्तर. तोच खड्डा, तीच टाकी, तोच खर्च, पण एका घरी वर्षानुवर्षं चालतो आणि दुसऱ्या घरी आठवड्यात तुंबतो.

आपण गंगेच्या, म्हणजे गोदावरीच्या काठचे, काळी खोल. गावठाण मात्र पांढरीवर, म्हणजे जुन्या वस्तीच्या मातीच्या थरावर आहे, आणि पांढरी घरागणिक बदलते. कुठं जुन्या वाड्याच्या भिंतींची माती, कुठं राख आणि खापरं, कुठं दोन फुटांवर मुरूम. त्यामुळं अंदाज बांधू नका, मोजा. खड्डा घ्यायचा तिथंच पहारीनं फूटभर रुंद आणि तीनेक फूट खोल भोक पाडा. तळाला दोन इंच बारीक खडी टाका, पाणी भरा आणि रात्रभर भिजू द्या. ही रात्र चुकवायची नाही. चैत्रात काळ्या मातीला भेगा असतात, कोरड्या भोकात घागर ओतली की ती भेगांत गडप होते आणि सगळे म्हणतात, 'बघा, किती पितंय!' ओली झाली की तीच माती फुगते आणि भेगा मिटतात. सकाळी भोकात सहा इंच पाणी भरा, पट्टी उभी करा आणि एक इंच उतरायला किती मिनिटं लागतात ते घड्याळ लावून लिहा. अर्ध्या तासाच्या आत उतरलं तर शोषखड्डा. अर्धा ते एक तास लागला तर खोल खड्ड्याऐवजी परसात उथळ लांब चर: दोन फूट खोल, दीड फूट रुंद, बारा-पंधरा फूट लांब, आत खडी आणि भोकांचा पाईप, कडेला केळी, अळू, कर्दळ. तासाच्या वर गेलं तर त्या घरी खड्डा घ्यायचाच नाही, कोणी कितीही आग्रह केला तरी. तिथं बंद नाली किंवा दुसरी सोय ग्रामपंचायतीकडे मागावी लागेल.

म्हणून पहिलं काम कुदळीचं नाही, वहीचं. आणि बाबा, ते तुमचं. घराला एक पान: माणसं किती, मोरी कुठं, जागा किती, भिंतीपासून अंतर, जवळची विहीर किंवा हातपंप किती लांब, चाचणीची मिनिटं, घरमालकाची सही. खड्डा घराच्या भिंतीपासून निदान पाच-सहा फूट दूर हवा, कारण पायाखालची काळी माती भिजत-वाळत राहिली की भिंत तडकते. विहीर, बोअर, हातपंप यांच्यापासून ५० फूट. संडासाचं पाणी या खड्ड्यात कधीच नाही, पन्हाळीचं नाही, गोठ्याचंही नाही. सही मात्र आधी घ्याच. जागा कोणाच्या हद्दीत यावरून भावकीत एकदा वाजलं की ती गल्ली वर्षभर बंद.

सुरुवात कुठून करायची, यावर भांडण होणार. सगळ्यांत जास्त त्रास खालच्या टोकाला, वस्तीकडं. गावाचं पाणी तिथंच जाऊन साचतं आणि मागणीही तिथूनच आली असणार. पण खाली खड्डे घेऊन उपयोग नाही, वरून पाणी येतच राहतं. गटार वरून आटत येतं. तेव्हा वरच्या टोकापासून सुरू करा, पण वस्तीतल्या लोकांना पहिल्याच बैठकीत बोलावून हे कारण समजावून सांगा. त्यांचा दगड आणि टाक्या वरच्या गल्लीबरोबरच खरेदी करा आणि ते सगळ्यांसमोर लिहा. वरच्या आळीचं झालं की काम थांबतं, हा अनुभव त्यांना पिढ्यान्‌पिढ्यांचा आहे. त्यांनी शब्दावर विश्वास ठेवावा, अशी अपेक्षा करू नका.

एकावेळी एकच गटाराची ओळ धरा, पंधरा-वीस घरांची. गावभर पन्नास खड्डे विखरून घेतले तर एकही गटार कोरडं पडत नाही, आणि लोक म्हणतात खड्ड्यांनी काही होत नाही.

आता खड्डा. चार बाय चार बाय चार फूट म्हणजे ६४ घनफूट. उकरलेली माती फुगून ८० घनफूट होते, ती कुठं टाकायची ते आधी ठरवा, नाहीतर गल्लीच बुजेल. भरायला डबर आणि गोटे अर्धा ब्रास, म्हणजे ५० घनफूट लागतात. दहा घरांना पाच ब्रास. पडक्या वाड्यांचे दगड, विटांचे रोडे चालतात, पण माती झटकून. खालून अर्धा फूट मोठे गोटे, त्यावर मधोमध टाकी, भोवती आधी मोठा दगड, वर लहान होत जाणारा. टाकी दीड फूट व्यासाची, अडीच फूट उंचीची, तळ बंद आणि भोकं वरच्या भागात. भोकांची जागा हाच या टाकीचा जीव आहे. मोरीतली राख, भाताची शितं, केस खाली बसतात आणि वरचं नितळ पाणी भोकांतून दगडांत जातं. भोकं खाली पाडली की सगळा गाळ थेट दगडांत शिरतो आणि खड्डा पावसाळ्याआधीच मरतो. उतरवून घेताना प्रत्येक टाकी उलटसुलट बघा. गवंडी म्हणेल 'काय फरक पडतंय', त्याचं ऐकू नका.

मोरीपासून चार इंची पाईप, चार फुटाला एक इंच उतार, आणि मोरीच्या तोंडाला जाळी. भांडी राखेनं घासणाऱ्या घरांत टाकी लवकर भरते, हे वहीत नोंदवा. तेलकट खरकटं आधी पुसून टाकायला सांगा, कारण तेलाचा थर दगडांवर बसला की तो निघत नाही. दगडांवर जुना प्लॅस्टिकचा कागद किंवा खताची पोती, त्यावर अर्धा फूट माती. टाकीच्या तोंडावर शहाबादी फरशी, कडा घट्ट. फट राहिली तर डासांना तुम्ही गटाराऐवजी सावलीतला हौद बांधून दिला असं होईल.

खणायचं कोणी? माझं स्पष्ट मत: ज्याचं घर, त्याचं खणणं. स्वतः खणलेला खड्डा माणूस साफ करतो, फुकट मिळालेला करत नाही. श्रमदानाची टोळी विधवा बायका, म्हातारी माणसं, आजारी आणि ऊसतोडीला गेलेल्यांच्या घरी. चार फुटी खड्ड्यात एकावेळी एकच माणूस खणू शकतो, दुसरा माती ओढतो. वीस जण एका खड्ड्याभोवती जमले तर अठरा जण बघतात आणि दुसऱ्या दिवशी येत नाहीत. एका खड्ड्याला चौघे पुरतात, आलटून पालटून, आणि माती बरी असली तर दोन सकाळी लागतात.

रब्बीची रास घरी आली की मृगापर्यंतचा काळ तुमचा, पण वेळ पहाटे सहा ते साडेआठ. नंतर कोणी थांबतो म्हणाला तरी घरी पाठवा. परभणीचं ऊन तुम्हाला सांगायला नको. ताक ठेवा, आणि चक्कर आलेल्यासाठी एक लिटर पाण्यात सहा छोटे चमचे साखर आणि अर्धा छोटा चमचा मीठ. कोणाला जुनी कुदळ लागली तर हळद चोळत बसू नका, त्याच दिवशी प्राथमिक आरोग्य केंद्रात धनुर्वाताचं इंजेक्शन. अर्धवट खड्ड्यावर रात्री बाभळीच्या काट्या हव्यातच, लेकरं आणि वासरं दोन्ही त्यात पडतात. आणखी एक, खास आपल्या गावासाठी. पांढरी खणताना जमीन पोकळ वाजली तर थांबा, खाली जुनं पेव, म्हणजे धान्य साठवायचं भुयार असतं. त्यात कोणीही उतरायचं नाही, आतली हवा माणूस मारते. खड्डा चार फुटांच्या खाली नेण्याचा मोहही नको. काळी ढासळते.

बाबा, तुम्ही कुदळ हातात घ्यायची नाही. हे आईच्या समोर वाचा.

आई, पैसा तुमच्या बचत गटाच्या खात्यात राहू दे, कोणाच्याही घरात नको, आपल्या तर मुळीच नको. पावती पाच रुपयांचीही. जमाखर्च दर आठवड्याला पारावरच्या फळ्यावर लिहा, कोणाची ट्रॉली, कोणाचा दगड, कोणाचं डिझेल, तेही. ग्रामपंचायतीकडे वित्त आयोगाच्या बंधित (ठरलेल्या कामांसाठीच वापरायच्या) निधीत स्वच्छतेचा वाटा असतो, तो मागायचा असेल तर १ मेच्या ग्रामसभेत ठराव घालावा लागेल. रोजगार हमीतून काही खड्डे घेतले, तर ती घरं आणि श्रमदानाची घरं वहीत वेगळी ठेवा. दान केलेल्या कामाचं मस्टर (मजुरीचा हजेरीपट) निघालं, अशी नुसती अफवा उठली तरी दुसऱ्या दिवशी टोळी येत नाही.

डासांबद्दल लोकांना खोटी आशा दाखवू नका. शोषखड्ड्यानं गटार आटतं आणि घाण पाण्यातला डास कमी होतो. डेंग्यूचा डास मात्र स्वच्छ साठवलेल्या पाण्यातला: रांजण, हौद, कूलर, टायर. आपल्याकडे नळाला रोज पाणी नाही, म्हणून घरोघरी साठा, म्हणून तो डास. अंड्यापासून उडणारा डास व्हायला साधारण आठ-दहा दिवस लागतात, त्यामुळं आठवड्यातून एक कोरडा दिवस पुरतो, पण भांडं नुसतं उपडं करून नाही. अंडी आतल्या कडेला चिकटतात आणि कोरडी राहूनही महिनोन्‌महिने जगतात. घासावंच लागतं. आई, हे तुझ्या गटातल्या बायकांना आशाताईंनी सांगावं, मी सांगून उपयोग नाही. वार एकच ठरवा, नळ येण्याच्या आदल्या दिवसाचा, म्हणजे पाणी वाया गेल्याची बोंब होणार नाही.

सुरू करण्याआधी चौघापाच जणांनी हिमायतनगर तालुक्यातलं टेंभुर्णी बघून या. घरोघरी शोषखड्डे करून त्यांनी गटारं घालवली. नांदेडहून भोकरमार्गे जायचं. बाबा, तिथं खड्डे कसे खणले हे विचारू नका, ते सगळे सांगतात. टाक्या कोण उपसतं, किती दिवसांनी, आणि कोणी उपसली नाही तर काय करतात, हे विचारा. वस्तीतला एक माणूस आणि एक-दोन बायका बरोबर न्या. मोरी त्यांच्या हाताखाली असते, सरपंचांच्या नाही.

उपसण्याचं तुम्हीही आत्ताच ठरवून टाका. दर दोन-तीन महिन्यांनी फरशी सरकवायची, लोट्यानं गाळ काढायचा, उकिरड्यावर टाकायचा. अर्ध्या तासाचं काम, पण कोणीच करत नाही. वहीत प्रत्येक घराच्या पानावर तारीख टाका. पावसाळ्यात जमीन तुडुंब असते तेव्हा चांगला खड्डाही दोन दिवस मागं फुगतो, लगेच घाबरून उकरू नका. पाऊस उघडून आठवडा झाला आणि पाणी तरीही भोकांच्या वर उभं असेल, तर टाकी भरली आहे. टाकी उपसूनही उतरत नसेल, तर दगड बाहेर काढून धुवावे लागतील. खरी तपासणी १७ सप्टेंबरला ठेवा. मुक्तिसंग्राम दिनाच्या झेंडावंदनाला सगळा गाव शाळेत असतोच, तिथून पोरांना वही देऊन घरोघरी पाठवा.

चाचणीची मिनिटं घराच्या क्रमांकासह मला फोनवर पाठवा, फोटो काढून पाठवला तरी चालेल. ते बघून कुठं खड्डा, कुठं चर आणि किती टाक्या ते कळवते. तोवर टाकीवाल्याला 'बघू' म्हणा.

गुडघ्याची गोळी संपत आली असेल, बाबांनी आणायला सांगितली नसेल. आई, तू सांग.

तुमची,
लेक