‘यूज्ड टू’ म्हणजे नुसते ‘करता था’ नव्हे

संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

स्पर्धा परीक्षांच्या हिंदी नोट्समध्ये ‘यूज्ड टू’समोर बहुधा ‘करता था’ एवढेच असते. इंदुरातली मराठी मुलेही तेच पाठ करतात आणि पुढच्याच वाक्यात अडतात. त्यांना हे मराठीतून शिकवणे जास्त सोपे आहे.

‘यूज्ड टू’नंतर क्रियापदाचे मूळ रूप आले, तर गोष्ट पूर्वीची आणि आता बंद पडलेली. ‘द मिल सायरन यूज्ड टू वेक अस’, म्हणजे गिरणीचा भोंगा आम्हाला उठवायचा. हुकुमचंद मिल 1991 मध्ये बंद झाली, तेव्हा वाक्य चपखल. ‘उठवायचा’, ‘जायचो’, ‘जात असे’ या रूपांत हा अर्थ पुरेपूर आहे. पण हिंदीच्या ओढीने आपल्याकडे ‘मी रोज जात होतो’ ऐकू येते आणि मुले त्याचे ‘वॉज गोइंग’ करतात. म्हणून वाक्य आधी ‘जायचो’ या धर्तीवर म्हणून पाहावे.

मागे ‘अ‍ॅम, इज, आर’ लागले की अर्थ सवयीचा होतो आणि पुढे नाम किंवा ‘-इंग’ रूप लागते. ‘वी आर यूज्ड टू ईटिंग लेट’: आम्हाला उशिरा खाण्याची सवय आहे. यातले ‘आर’ गाळून ‘ईट’ केले, तर पूर्वी खायचो, आता सोडले असे होईल. रात्री उशिरापर्यंत खाणे चालणाऱ्या इंदूरच्या सराफा बाजारात हे कोणी खरे मानणार नाही! सवय अजून लागायची असेल तर ‘गेट’: ‘यू विल गेट यूज्ड टू इट’.

‘अ नाइफ इज यूज्ड टू कट फ्रूट’ हा प्रकार वेगळा. इथे सुरी वापरली जाते. कानाने ओळखता येतो: यात ‘यूझ्ड’, वरच्या दोन्हींत ‘यूस्टू’.

नकारात व प्रश्नात भूतकाळ ‘डिड’कडे जातो, म्हणून ‘डिडन्ट यूज टू’ लिहिताना शेवटचा ‘डी’ गाळावा. आजच्या नेमाला ‘आय यूज टू गो’ चूकच, तिथे ‘आय यूजुअली गो’. किती वर्षे ते सांगायचे असेल तर साधा भूतकाळ पुरतो: ‘वी लिव्ह्ड इन रामबाग फॉर टेन इयर्स’. ‘यूज्ड टू’ऐवजी ‘वुड’ वापरतात, पण ते वारंवार घडणाऱ्या कृतीपुरतेच. ‘महेश्वर यूज्ड टू बी द होळकर कॅपिटल’ यात स्थिती आहे, तिथे ‘वुड’ चालत नाही.

– एक इंग्रजी शिक्षक, इंदूर