आईवडील अमेरिकेला निघाले की विम्याची ‘जुन्या आजारा’ची ओळ आधी वाचा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

उन्हाळा जवळ आला की पुण्या-नाशकातून, ठाण्या-डोंबिवलीतून मुलांकडे अमेरिकेला जाणाऱ्या आईवडिलांची तयारी सुरू होते. तिकीट चार महिने आधी काढले जाते, बॅगांची वजने पुन्हा पुन्हा होतात. प्रवास विमा मात्र शेवटच्या आठवड्यात तिकिटाच्याच एजंटाकडून ‘स्वस्तातला बघा एखादा’ म्हणून उरकला जातो. साठी ओलांडलेल्या माणसाला रक्तदाब, मधुमेह, थायरॉईड यांतले काही ना काही बहुधा असतेच. अशा माणसासाठी प्रीमियम किती, यापेक्षा आधीपासून असलेल्या आजाराबद्दल पॉलिसीत काय लिहिले आहे, हे हजारपट महत्त्वाचे. ती ओळ न वाचल्यामुळे घरे कर्जात बुडतात, म्हणून हे पत्र.

पॉलिसीवर ठळक अक्षरांत एक लाख डॉलर लिहिलेले असते. ते नव्या आजारासाठी किंवा अपघातासाठी. जुन्या आजारासाठी आतल्या पानावर वेगळी मर्यादा असते, आणि तीही बहुतेक भारतीय पॉलिसींत फक्त जिवावर बेतलेल्या प्रसंगी, रुग्ण धोक्याबाहेर येईपर्यंतच लागू होते. समजा ही मर्यादा दहा हजार डॉलर आहे. आधी स्टेंट बसवलेल्या वडिलांच्या छातीत दुखले, अँजिओप्लास्टी झाली आणि बिल ऐंशी हजार डॉलर आले, तर विमा कंपनी दहा हजार देऊन मोकळी होते. उरलेले सत्तर हजार मुलाच्या डोक्यावर बसतात. शिवाय अनेक पॉलिसींत साठीनंतर खोलीचे भाडे, आयसीयू, सर्जनची फी यांना प्रत्येकी वेगळी मर्यादा असते. अशी उपमर्यादा म्हणजे सब-लिमिट नसलेला पर्याय काही कंपन्या थोड्या जास्त प्रीमियमला देतात. तो नाव घेऊन मागावा लागतो, एजंट आपणहून दाखवेलच असे नाही.

दुसरा मार्ग अमेरिकेतल्या ‘व्हिजिटर्स इन्शुरन्स’चा. तो मुलगा-मुलगी तिथून ऑनलाइन घेऊ शकतात, आईवडील पोहोचल्यावरही घेता येतो. भारतीय पॉलिसी मात्र निघण्याआधीच घ्यावी लागते. अमेरिकन पॉलिसींत दोन जाती आहेत. ‘फिक्स्ड बेनिफिट’मध्ये प्रत्येक उपचाराला ठरावीक रक्कम मिळते. त्या स्वस्त असतात, पण तिथल्या बिलांपुढे ती रक्कम फार तोकडी पडते. ‘कॉम्प्रिहेन्सिव्ह’मध्ये आधी आपला डिडक्टिबल, म्हणजे सुरुवातीची ठरलेली रक्कम, आपण भरायचा, त्यापुढचा खर्च मर्यादेपर्यंत कंपनी करते. काही पॉलिसींत पहिल्या पाच हजार डॉलरचे वीस टक्के आपल्याकडे असतात. म्हणजे डिडक्टिबल अडीचशे असेल तर आपल्या खिशातून जास्तीत जास्त साडेबाराशे डॉलर जातात. हा हिशेब घरी कागदावर मांडून मगच पॉलिसींची तुलना करावी.

या अमेरिकन पॉलिसींत ‘अक्यूट ऑनसेट ऑफ प्री-एक्झिस्टिंग कंडिशन्स’ हे शब्द असतात, आणि सगळा घोळ इथेच होतो. याचा अर्थ जुना आजार कव्हर झाला असा नाही. जुन्या आजाराचा अचानक, आधी कोणतीही सूचना न देता आलेला झटका, आणि बहुतेक ठिकाणी त्यावर २४ तासांच्या आत उपचार घेतलेले असले पाहिजेत, एवढाच तो अर्थ. साखर हळूहळू वाढत गेली, गुडघा दुखायला लागला, नेहमीची तपासणी केली, डायलिसिस लागला, तर यातले काहीही त्यात बसत नाही. सत्तर आणि ऐंशी या वयांच्या पायऱ्यांवर ही सोय कमी होते किंवा बंदच होते, तेव्हा आपल्या वयाच्या रकान्यातला आकडा पाहावा.

मग परवडणारा विमा कसा मिळवायचा? आमचे स्पष्ट मत असे की बचत डिडक्टिबलमध्ये करावी, जुन्या आजाराच्या मर्यादेत कधीच करू नये. पाचशे किंवा हजार डॉलरचा डिडक्टिबल घेतला की प्रीमियम उतरतो. हजार डॉलर कुटुंब कसेबसे उभे करू शकते, सत्तर हजार नाही. वाचलेले पैसे जुन्या आजाराची मर्यादा वाढवायला वापरावेत. ऐंशीच्या पुढे असाल तर सहा महिन्यांऐवजी दोन महिने राहण्याचा विचार करावा. प्रीमियमही दिवसांवर ठरतो. दातांची कामे, लांबवलेली हृदयाची स्ट्रेस टेस्ट, चष्मा हे सारे निघण्याआधी इथेच उरकावे, कारण परदेशात दातांच्या उपचाराला फार तर तीव्र दुखण्यापुरतेच थोडे पैसे मिळतात.

फॉर्म स्वतः भरा. एजंट घाईत ‘आजार : नाही’ असे टिक करून टाकतो, ओटीपी आपण सांगतो, आणि ते आपले निवेदन ठरते. ‘बीपी गोळीने कंट्रोलमध्ये आहे, म्हणजे बीपी नाही’ हा समज घराघरात आहे. गोळी चालू आहे म्हणजे आजार आहे. दहा वर्षांपूर्वीची बायपास, पेसमेकर, झोपेत लावायचे सीपॅप मशीन, कोलेस्टेरॉलची गोळी सगळे लिहा आणि भरलेल्या फॉर्मची प्रत ईमेलवर घ्या. सर्वोच्च न्यायालयाने ६ डिसेंबर २०२१ रोजी मनमोहन नंदा खटल्यात दिलेला निकाल इथे कामाचा आहे. सॅन फ्रान्सिस्को विमानतळावर प्रवाशाला हृदयविकाराचा त्रास झाला. मधुमेह कंपनीला आधीच माहीत होता, तरी कोलेस्टेरॉलच्या गोळ्या सांगितल्या नाहीत म्हणून दावा नाकारला होता. न्यायालयाने प्रवाशाच्या बाजूने निकाल दिला. पण तिथवर पोहोचायला बारा वर्षांच्या आसपास गेली, हेही लक्षात ठेवावे.

फॅमिली डॉक्टरांकडून लेटरहेडवर एक पान लिहून घ्यावे : आजार कोणता, कधीपासून, सध्याचा डोस, शेवटचे रिपोर्ट. औषधांची जेनेरिक नावे हवीत. ‘इकोस्प्रिन’ म्हटले तर तिथल्या डॉक्टरला कळणार नाही, ‘अ‍ॅस्पिरिन ७५ मिलिग्रॅम’ कळेल. ‘टेल्मा ४०’ ऐवजी ‘टेल्मिसार्टन ४० मिलिग्रॅम’. गोळ्या मूळ पाकिटात, हातातल्या बॅगेत ठेवाव्यात.

कॅनडाच्या सुपर व्हिसासाठी (तिथे राहणाऱ्या मुलांकडे जाणाऱ्या आईवडिलांचा दीर्घ मुक्कामाचा व्हिसा) तर विमा सक्तीचा आहे : किमान एक लाख कॅनेडियन डॉलरचा, एक वर्षाचा. तिथल्या पॉलिसींत ‘स्टेबिलिटी पिरियड’ असतो, म्हणजे निघण्याआधी ९० किंवा १८० दिवस आजार स्थिर हवा. अनेक पॉलिसींत गोळीचा डोस वाढवणेच नव्हे, कमी करणेही ‘बदल’ धरले जाते. निघायच्या महिन्यात डॉक्टरांनी चांगल्या मनाने अर्धी गोळी कमी केली आणि कव्हर गेले, असे होऊ शकते. तेव्हा डॉक्टरांना प्रवासाची तारीख आधीच सांगावी आणि करायचे ते बदल वेळेत करून घ्यावेत. युरोपच्या शेंगेन व्हिसासाठी किमान ३० हजार युरोंचा विमा लागतो. पण त्या प्रमाणपत्राने व्हिसा मिळतो, जुना आजार कव्हर होतोच असे नाही.

प्रत्यक्ष वेळ आली तर आधी उपचार. अमेरिकेत १९८६ च्या कायद्यानुसार इमर्जन्सी विभागाला पैशाच्या चौकशीसाठी न थांबवता रुग्णाला तपासून स्थिर करावे लागते. बिल नंतर येते. मात्र साधा ताप, पोट बिघडणे यासाठी इमर्जन्सीत न जाता ‘अर्जंट केअर’ला, म्हणजे किरकोळ दुखण्यांच्या दवाखान्यात, जावे, तिथला खर्च कितीतरी कमी असतो. पॉलिसीवरच्या मदत क्रमांकाला शक्य तितक्या लवकर, २४ तासांच्या आत कळवावे. नर्स ‘कधीपासून दुखतंय?’ विचारते तेव्हा आपल्याकडचे ज्येष्ठ सवयीने ‘बरेच दिवस थोडं थोडं’ म्हणून जातात. ते तसेच नोंदले जाते, आणि ‘अचानक’ ही अट तिथेच मोडते. खरे आहे तेच सांगावे, पण नेमके : आजचे दुखणे आज पहाटे चारला सुरू झाले असेल तर तेच. इंग्रजी अडत असेल तर मराठी दुभाषा मागावा. सरकारी निधी घेणाऱ्या हॉस्पिटलांना तो मोफत द्यावा लागतो. हॉस्पिटलमधून निघताना आयटमाइज्ड (प्रत्येक खर्च वेगळा दाखवलेले) बिल, डिस्चार्ज समरी आणि बोर्डिंग पास जपून ठेवावेत. बिल आवाक्याबाहेरचे असेल तर ना-नफा हॉस्पिटलकडे आर्थिक मदतीचा अर्ज मागावा. तसे धोरण ठेवणे त्यांना कायद्याने बंधनकारक आहे.

भारतीय कंपनीने दावा नाकारला तर आधी कंपनीकडे लेखी तक्रार करावी. ३० दिवसांत उत्तर आले नाही किंवा पटले नाही, तर विमा लोकपालाकडे, म्हणजे विम्याच्या तक्रारी सोडवणाऱ्या अधिकाऱ्याकडे, जावे. मुंबई आणि पुण्यात त्यांची कार्यालये आहेत, ५० लाख रुपयांपर्यंतची प्रकरणे तिथे चालतात, फी नाही, वकील लागत नाही. कंपनीच्या अंतिम उत्तरापासून एक वर्षाची मुदत असते.

विमा नियामकाकडे आमची एकच मागणी आहे. प्रवास विम्याच्या पहिल्या पानावर, एक लाख डॉलर जितक्या मोठ्या अक्षरांत छापतात तितक्याच मोठ्या अक्षरांत, मराठीत छापावे : ‘तुमच्या आधीच्या आजारासाठी जास्तीत जास्त इतके डॉलर.’ आणि पैसे भरण्याआधी भरलेला आरोग्य फॉर्म प्रवाशाला मोठ्याने वाचून दाखवणे एजंटावर बंधनकारक करावे.

आपले,
विमा क्षेत्रात काम करणारे काही वाचक, पुणे