सवलत करारनाम्यात दिसावी

महोदय,

सणासुदीच्या गृहखरेदी सवलतींची बातमी वाचली. तीत मॉड्युलर किचन, एसी यांची जंत्री आहे. करारनाम्यातील किंमत किती उतरली, याचा उल्लेख नाही. गुंतवणूक म्हणून दुसरे घर घेणाऱ्याने तर हेच आधी विचारावे. मुंबईत पुरुष खरेदीदाराला मुद्रांक शुल्क ६ टक्के, बांधकाम सुरू असलेल्या ४५ लाखांवरील घरावर जीएसटी ५ टक्के. करारातच ५ लाख कमी झाले, तर ५५ हजारांचा कर वाचतो (किंमत सरकारने मुद्रांक शुल्कासाठी ठरवलेल्या रेडी रेकनर दराच्या खाली जात नसेल तर), कर्जही कमी लागते. घराच्या किमतीतच धरलेल्या भेटवस्तूंवर मात्र आपण वीस वर्षे कर्जाचे व्याज भरत राहतो. बिल्डरांनी जाहिरातीत सवलतीनंतरचे करारमूल्यच छापावे.

– एक वाचक, डोंबिवली